कुठल्या गाडीनं आलात?

बिराजदार सरांनी पहिल्या दिवशी मला नाव विचारलं नाही, शिक्षणही विचारलं नाही. धाराशिवच्या कॉलेजात गणित शिकवायला म्हणून मी रुजू व्हायला आले होते. स्टाफरूमच्या दारात एक उंच, किडकिडीत गृहस्थ उभे होते. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, शर्टाच्या खिशात पेन आणि एसटीचं घडी घातलेलं तिकीट. मला बघून ते बाजूला झाले आणि म्हणाले, "कुठल्या गाडीनं आलात?"

"सोलापूरहून आले," मी म्हटलं.

"गाव न्हाय विचारलं मॅडम. गाडी विचारली. कुठल्या डेपोची होती?"

मला काय ठाऊक? लाल होती, एवढं सांगितलं. सरांच्या चेहऱ्यावरून कळलं की पहिल्याच परीक्षेत मी नापास झाले आहे.

"बघायची सवय लावा. गाडीच्या अंगावर लिहिलेलं असतंय. उद्या छत्री राहिली गाडीत, तर कुणाला विचारणार?"

माणूस विक्षिप्त आहे, असं मी मनाशी ठरवून टाकलं. पुढं कळलं, की हा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारतात. प्रवेशाला आलेल्या पोरांना, त्यांच्या बापांना, खडू पुरवणाऱ्या दुकानदाराला, इतकंच काय, तपासणीला आलेल्या समितीच्या अध्यक्षांनाही. अध्यक्ष स्वतःच्या मोटारीनं आले होते. "मग बरंय, विचारायचं काम न्हाय," असं म्हणून सरांनी त्यांना आत सोडलं होतं.

सर इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे, आणि त्याशिवाय कॉलेजच्या ईमेलची सगळी व्यवस्था त्यांच्याकडं होती. लॅबच्या मागं एक लहान खोली होती, तिथं सर्व्हरचं मशीन. खोलीबाहेर ते चप्पल काढत. कारण विचारलं तर "धूळ जाते" म्हणत. पण आत गेल्यावर मशीनशी कन्नडात बोलत, त्याला धुळीचं कारण पुरत नव्हतं. त्यांचं घर लोहाऱ्याचं, घरात कन्नड आणि उंबऱ्याबाहेर मराठी. मशीन अडलं की "बा, बा" म्हणजे ये, ये, असं बुजऱ्या वासराला बोलवावं तसं हळू आवाजात चालायचं. आमच्याशी त्यांचा आवाज एवढा मऊ कधी झाला नाही.

दर शनिवारी ते लोहाऱ्याला जात आणि सोमवारी सकाळी परत येत. त्यांच्या वेळेला थेट गाडी नव्हती. लोहाऱ्याहून जीपनं हायवेपर्यंत, तिथून मिळेल त्या गाडीनं तुळजापूर, आणि तुळजापुरात उतरून धाराशिवची गाडी. पौर्णिमा असली की देवीच्या भक्तांच्या गर्दीत चढायलाच मिळायचं नाही, मग मधेच आणखी एखादी जीप. आठवडाभराच्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणीचा डबा घेऊन ते स्टाफरूममध्ये शिरत तेव्हा त्यांच्या शर्टावर सगळ्या वाहनांची धूळ असे. हे मी मुद्दाम सांगते आहे. पुढं जे झालं त्यात मला सगळ्यात जास्त हेच लागून राहिलं आहे.

स्वभाव मानी. त्यांचं काही चुकलं तर "असं का झालं ते बघू," म्हणायचे. "माझं चुकलं" हे शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेले नव्हते, आणि खरं सांगायचं तर तशी वेळही फारशी येत नसे. त्यांना तोंडावर उलट बोलणारा एकच माणूस होता, कॉम्प्युटर विभागाचे सय्यद सर. गोल चेहऱ्याचे, पानाचे शौकीन, कधी घाईत नसलेले. दोघांची टेबलं शेजारी. सोमवारी सय्यद सर घरून डबाच आणत नसत. बिराजदारांच्या ताज्या कडक भाकरीवर त्यांचा हक्क होता. भाकरी मोडल्याचा आवाज आला की पाठोपाठ भांडणाचा आवाज यायचा, आणि आम्ही बाकीचे आमच्या डब्यांसकट खुर्च्या तिकडं वळवायचो.

जिल्ह्याचं नाव बदललं तसे आमच्याकडचे बोर्ड बदलले, शिक्के बदलले. कॉलेजच्या ईमेलच्या पत्त्यात जुनं नाव होतं, तोही बदलला. तेव्हा प्राचार्यांनी विचारलं, जुन्या पत्त्यावर येणाऱ्या पत्रांचं काय करायचं? बिराजदार सरच म्हणाले होते, "जुनं मशीन चालू ठेवू. तिथं उतरलेलं पत्र ते नव्याकडं पुढं पाठवंल. पोरांनी कुठंकुठं जुना पत्ता दिलेला असंल, त्येंनी काय करायचं?" एवढा विचार आमच्यात दुसऱ्या कुणाच्या डोक्यात आला नव्हता.

त्यानंतरच्या प्रॅक्टिकल परीक्षेच्या आदल्या दिवशी सगळ्यांना प्राचार्यांच्या नावानं ईमेल आली: उद्या सुट्टी. पोरं गावाकडं पळाली. दुसऱ्या दिवशी बाहेरगावाहून आलेले परीक्षक रिकाम्या लॅबमध्ये पंख्याकडं बघत बसले. प्राचार्यांनी असं काही पाठवलंच नव्हतं. कुणीतरी कुठूनतरी त्यांचं नाव लावून सोडून दिलं होतं. तसा खोट्या पत्रांचा त्रास रोजचाच होता. लॉटऱ्या, वजन उतरवायच्या गोळ्या, परदेशी नातेवाइकांचे वारसे. सकाळी आधी कचरा काढायचा आणि मग त्यात पत्र शोधायचं. पण साक्षात प्राचार्यांच्या नावाला हात लागला म्हटल्यावर मीटिंग बोलावली गेली.

त्या मीटिंगमध्ये दोघांनी दोन उपाय मांडले. बिराजदार सरांच्या उपायाचं नाव एसपीएफ. त्यात प्रत्येक संस्था आधीच जाहीर करून ठेवते, की आमची पत्रं फक्त अमुक अमुक मशीनवरून निघतात. पत्र दारात आलं की ते कुठल्या मशीननं आणलं ते बघायचं. जाहीर केलेल्यातलं असेल तर आत, नसेल तर दारातूनच माघारी.

"सोपं आहे," सर म्हणाले. "गाडी कुठल्या डेपोची ते बघायचं. खोटं नाव कुणीबी सांगंल, गाडी कुठून आणंल?"

सय्यद सरांच्या उपायाचं नाव डीकेआयएम. त्यात पाठवणारी संस्था पत्रावर आपली मोहर मारते, आणि ती मोहर खरी की खोटी हे कुणालाही तपासता येतं. मजकुरात एक काना जरी बदलला तरी मोहर मोडते.

"गाडी को क्या देखते जी," सय्यद सर म्हणाले, "पाकिटाची लाख बघा. लाख शाबूत, तो खत खरा. मग ते उंटावरून येऊ द्या."

आता मला माहीत आहे, की दोन्ही उपाय एकत्र चालवता येतात आणि शहाणी माणसं तसंच करतात. पण त्या दिवशी प्रश्न कुणाचं चालणार हा होता, आणि दोघांनाही दुसऱ्याचं नको होतं. शेवटी सय्यद सर जरा चिडून म्हणाले, "आणि रस्त्यात गाडी बदलली तर? खत खराच आहे, पण एका ठिकाणी उतरून दुसऱ्या गाडीनं आला. त्याला तुम्ही दारातून हाकलणार?"

बिराजदार सरांनी समोरच्या कागदावरून नजरही उचलली नाही. "सय्यद सर, तुमचं खत काय सोयरीक बघायला निघालंय काय, गाड्या बदलत?"

सगळी मीटिंग हसली. मी तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. प्राचार्यही हसले, आणि त्या हसण्यातच निर्णय होऊन गेला: बिराजदारांची पद्धत, तीही कडक. सय्यद सरांनी पानाची डबी उघडली, आणि तो विषय पुन्हा काढला नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून आमच्या ईमेलच्या पेट्या स्वच्छ झाल्या. उघडावं तर चार पत्रं, चारही कामाची. सगळे सरांना धन्यवाद देत होते आणि सर "गाडी बघितली, दुसरं काय," म्हणून पुढं जात होते. चालण्यात थोडा ताठा आला होता. आम्हालाही तो शोभून दिसत होता.

रेणुका माझ्या वर्गातली, बेंबळीची. फळ्यावर मी उदाहरण सोडवत असताना मागच्या बाकावरून "मॅडम, हे दुसऱ्या रीतीनं लवकर होतंय," म्हणणारी. निकालानंतर काही आठवड्यांनी ती दाखला न्यायला आली, तेव्हा मी तिला पुण्याचं काय झालं म्हणून विचारलं. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत तिनं अर्ज केला होता. निवड झाली तर शिकताना राहण्या-जेवणाची सोय संस्थाच करणार होती. अर्ज मीच तपासून दिला होता.

"मुलाखतीला बोलावलंच न्हाय असं वाटलं, मॅडम," ती म्हणाली. "काल फोन केला. त्या बाई म्हणाल्या, पत्र पाठवलं होतं. ते परत आलं. तुमच्या कॉलेजच्या मशीननंच घेतलं न्हाय."

मुलाखती होऊन गेल्या होत्या. ती योजना त्याच वर्षापुरती होती, पुन्हा अर्ज करायची सोय नव्हती. मी तिला घेऊन सरांकडं गेले. मनात काही नव्हतं. सर मशीन बघतील, काहीतरी कारण सांगतील, एवढंच. सरांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"पत्ता कुठला दिला होतास? नवा का जुना?"

"जुना, सर. अर्ज भरला तवा नवा नव्हता."

सर उभे राहिले. मला वाटलं, आता मशीनच्या खोलीकडं जातील. ते गेले नाहीत. टेबलाला धरून तिथंच उभे राहिले.

"सर, बघायचं का?" मी म्हटलं.

"बघायला लागत न्हाय," ते म्हणाले, आणि मग माझ्याशी न बोलता थेट तिच्याशी बोलले. "तुझं पत्र जुन्या मशीनवर उतरलं. तिथून आपल्याकडं आलं. मी आणणारी गाडी बघितली, ती पुण्याची नव्हती, आन् हाकलून दिलं."

ही गोष्ट आधी लक्षात का आली नाही, तेही त्यांनी मला नंतर सांगितलं. काही संस्था आपली मशीनं जाहीर करताना सैल लिहितात: यादीबाहेरच्या मशीनवरून आलं तर संशय धरा, पण घ्या. ज्या काटेकोर असतात त्या लिहितात: नाकारा. सरांनी जुन्या पत्त्यावर पत्रं पाठवून चाचणी घेतली होती, पण ती सैल लिहिणाऱ्यांकडून पाठवलेली, म्हणून ती बिनबोभाट आत आली. म्हणजे ज्यांनी सगळ्यात जास्त काळजी घेतली होती नेमकी त्यांचीच पत्रं आमच्या दारातून परत जात होती. "हे जुनं मशीन आपलंच आहे" अशी एक ओळ सर्व्हरला सांगून ठेवली असती तरी भागलं असतं. जुनं मशीन चालू ठेवणारे सर, दार कडक करणारेही सर, आणि दर सोमवारी गाड्या बदलत येणारेही सरच. तरी त्यांच्या डोक्यात ते आलं नाही.

रेणुका "असू द्या सर," म्हणाली आणि दाखला घेऊन गेली. ती रडली असती, भांडली असती, तर बरं झालं असतं.

त्या शनिवारी सर लोहाऱ्याला गेले नाहीत. मला म्हणाले, "मॅडम, उद्या बेंबळीला येता का? पोरीच्या घरी एकट्यानं जाणं बरं दिसत न्हाय."

"जाऊन काय बोलणार सर?"

"माझं चुकलं म्हणणार. दुसरं काय आहे?"

रेणुकाच्या वडिलांची शेती होती आणि घरालगत पिठाची गिरणी. आम्ही गेलो तेव्हा दत्तोबा गिरणीतच होते, भुवयांपर्यंत पांढरे झालेले. कॉलेजचे सर घरी आले म्हणताच त्यांनी पट्टा उतरवला, दळण थांबवलं, आणि दळणाला आलेली माणसंही आमच्यामागोमाग अंगणात आली. खुर्च्या निघाल्या. चहा आला. सर बसेनात.

"दत्तोबा, मी माफी मागायला आलोय," ते उभ्यानंच म्हणाले.

"माफी कशाची सर? बसा की आदी."

सरांनी सगळं सांगितलं. पत्र, जुना पत्ता, नवं मशीन, आपण केलेला नियम. वर्गात सांगावं तसं एकेक पायरी सोडून न देता सांगितलं. दत्तोबांनी शेवटपर्यंत मान डोलावत ऐकलं.

"म्हंजी मशीन बिगडली व्हती," ते म्हणाले.

"मशीन न्हाय बिघडलं. माझं चुकलं."

"आवं मशीनचं काय घिऊन बसलाव. आमची गिरणी बी ऐन गर्दीत पट्टा टाकती. तेवढ्यासाटी तुमी हितवर आलाव? लई मोटं मन हाय तुमचं." आणि घराकडं तोंड करून त्यांनी हाक दिली, "आगं, आन की भायेर!"

आतून रेणुकाची आई ताट घेऊन आली. हळदकुंकू, नारळ, कोरा टॉवेल आणि पांढरी टोपी. मुलीचे सर पहिल्यांदा घरी आले होते. त्यांना तसंच कसं जाऊ देणार?

"हे नको," सर मागं सरकत म्हणाले. "दत्तोबा, अहो हे नको. मी कशाला आलोय, तुम्हाला कळलं न्हाय."

"कळलं की," दत्तोबा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पडायला लागला. आपल्या टॉवेलात काही कमी राहिलं का, असं त्यांना वाटत होतं हे मला दिसलं. मी सरांच्या कानाशी म्हटलं, "सर, घ्या. घरादाराला वाईट वाटेल."

सर वाकले. दत्तोबांनी त्यांना कुंकू लावलं, टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला. दळणाला आलेल्या एकानं मोबाईलवर फोटो काढला. इतका अपमानित झालेला माणूस मी सत्कार होताना कधी पाहिला नाही.

रेणुका दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. त्या अंगणात सरांचं बोलणं पूर्ण कळलेली ती एकटीच होती. फोटो झाल्यावर तिनं विचारलं, "सर, पत्र परत गेलं तवा त्येंना काय कळलं असंल? मीच घेतलं न्हाय असं?"

सरांनी तिच्याकडं वळून बघितलं. टोपी तशीच डोक्यावर होती.

परतीच्या जीपमध्ये टॉवेल आणि टोपी मांडीवर घेऊन ते बसले होते. धाराशिव जवळ आल्यावर म्हणाले, "मॅडम, मी शिव्या खायला गेलो होतो."

सोमवारी त्यांनी नियम काढून टाकला. संशय आलेलं पत्र आता माघारी जात नव्हतं. एका वेगळ्या पेटीत पडत होतं, आणि ती पेटी सर रोज स्वतः वाचत. प्रत्येक लॉटरी, प्रत्येक गोळी, प्रत्येक मेलेल्या परदेशी शेठची बायको. चष्मा कपाळावर चढवून, पडद्याला नाक लावून, तांदळातले खडे निवडावेत तसे. आम्ही आधी थट्टा केली. "सर, लागली का लॉटरी?" सर हसायचे नाहीत, रागवायचेही नाहीत. संध्याकाळी मशीनच्या खोलीतून चप्पल घालून बाहेर आले की स्टाफरूमच्या दारात थांबायचे आणि विचारायचे, "कुणी राहिलं का?" म्हणजे कुणी कुठल्या पत्राची वाट बघतंय आणि ते आलेलं नाही, असं आहे का? कुणी नाही म्हटल्यावरही जरा वेळ उभे राहायचे.

"कुठल्या गाडीनं आलात" हा प्रश्न त्यांनी सोडला. नव्या वर्षीची पोरं आली, त्यांचे बाप आले. सर दारातून बाजूला होत आणि नुसतं "या" म्हणत. जुन्या पोरांना ते चुकल्याचुकल्यासारखं वाटे. टॉवेल आणि टोपी त्यांच्या कपाटात वरच्या फळीवर, प्लास्टिकच्या पिशवीत, घडी न मोडलेली होती. कपाट उघडलं की ती समोरच यायची. मी एकदा म्हटलं, "सर, घरी घेऊन जा की." ते म्हणाले, "ते माझं न्हाय."

सय्यद सरांनी "मी बोललो होतो" असं एकदाही म्हटलं नाही. शेवटी बिराजदार सरच त्यांच्याकडं वळले. सोमवार होता, भाकरी मोडून दोघांच्या मधे ठेवलेली होती.

"तुमची मोहर पण बसवू," बिराजदार सर म्हणाले. "दोन्हीतलं एक जरी खरं निघालं तरी आत घ्यायचं."

"बसवू."

"तुम्ही त्या दिवशी विचारलं होतं. गाडी बदलली तर काय म्हणून. मी हसण्यावारी नेलं."

"मी पण रुसून बसलो ना जी. परत सांगायला पाहिजे होतं, नाही सांगितलं. मेरी भी गलती." सय्यद सरांनी भाकरीचा तुकडा हातात घेऊन तसाच ठेवला. "आणि माझी मोहर काय लई शहाणी न्हाय. वाटेत कुणी पत्राच्या खाली एक ओळ जोडली तरी मोडती. माझं चाललं असतं तर दुसऱ्या कुणाचं तरी पत्र अडलं असतं."

"पण रेणुकाचं आलं असतं."

"मुलाखतच होती बिराजदार. निवड थोडीच झाली होती."

"नसती झाली तर नसती झाली. ते त्येंनी ठरवायचं होतं. मी ठरवलं."

त्या दिवशी दोघांचीही भाकरी उरली.

मी एकदा धीर करून म्हटलं होतं, "सर, त्या मीटिंगमध्ये आम्ही सगळेच हसलो होतो." मला वाटलं होतं, थोडं ओझं आमच्याकडं आलं तर त्यांना हलकं वाटेल. माझंही थोडं उतरलं असतं. सर म्हणाले, "तुम्ही हसलात. हसवलं मी." आणि पुन्हा पेटी वाचू लागले. माझं काही उतरलं नाही.

रेणुका सोलापूरला एका कंपनीत लागली. मजेत होती. म्हणजे तिचं वाईट झालं असं म्हणायला काही आधार नव्हता, आणि पुण्याला गेली असती तर भलं झालं असतं, असंही कुणाला छातीठोक सांगता येत नव्हतं. सरांना त्यामुळं शिक्षाही होत नव्हती आणि सुटकाही. दिवाळीला ती कॉलेजात सगळ्यांना भेटायला यायची. सर तिला "बरं चाललंय ना?" एवढं विचारायचे आणि ती "व्हय सर," म्हणायची. तिच्या बोलण्यात राग नव्हता. तो कधी होता का, तेही आम्हाला कधी कळलं नाही.

निवृत्तीच्या दिवशी सरांनी निरोप समारंभ करू दिला नाही. शाल नको, नारळ तर नकोच. नेहमीसारखे तास घेतले, पेटी वाचली, स्टाफरूमच्या दारात येऊन विचारायचं ते विचारलं. मग पेटीचा पासवर्ड मला सांगितला. "रोज उघडत जा मॅडम. सय्यद सर पानाच्या नादात विसरतील." कपाट रिकामं केलं, ती प्लास्टिकची पिशवी काखेत मारली आणि लोहाऱ्याच्या वाटेला लागले. मी ती पेटी उघडते. रोज उघडते असं मात्र म्हणवत नाही. ज्या दिवशी राहून जातं त्या दिवशी घरी निघताना स्टाफरूमच्या दाराकडं मी बघत नाही.

मागच्या उन्हाळ्यात रेणुकाचं लग्न झालं. मुलगा तिच्याच ऑफिसातला, तिनं पसंत केलेला. दत्तोबा स्वतः पत्रिका घेऊन कॉलेजात आले होते, आणि लोहाऱ्यालाही जाऊन आल्याचं त्यांनी सांगितलं. मी आणि सय्यद सर बरोबरच गेलो. बेंबळीच्या शाळेसमोर मांडव होता. अक्षता पडल्या आणि माईकवरचा माणूस सत्काराची नावं पुकारू लागला. सरपंच, मामा, सोलापूरचे साहेब. मग त्यानं पुकारलं, "लोहाऱ्याहून आलेले बिराजदार सर जिथं कुठं असतील तिथून त्यांनी स्टेजकडं यायचंय." थोडं थांबून पुन्हा पुकारलं. स्टेजवर मुंडावळ्या बाजूला सारून रेणुका गर्दीत बघत होती.

"आले नसतील," सय्यद सर म्हणाले. आम्ही जेवायला पंगतीत बसलो.

पत्रावळीवर भात पडला. पाठोपाठ वरणाची बादली आली, आणि तो लांब, किडकिडीत हात मी ओळखला. पँट पोटऱ्यांपर्यंत दुमडलेली, कपाळावरचं भस्म घामानं ओघळलेलं. खांद्यावर वाढप्यासारखा पांढरा टॉवेल होता. त्याच्या घड्यांचे चौकोन अजून तसेच उठून दिसत होते.

"सर," मी म्हटलं, "तुम्हाला स्टेजवर बोलावतायत."

"ऐकू येतंय," ते म्हणाले आणि माझ्या भातावर वरण घातलं. सय्यद सरांना घातलं, त्यांच्या शेजारच्याला घातलं. वाकून वाकून प्रत्येकाच्या पानात बघत ते पुढं सरकत होते. "कुणी राहिलं का? वरण राहिलं का कुणाचं?"

पंगतीच्या टोकाला एक पत्रावळ होती. मीठ, चटणी वाढलेली, पण समोर माणूस नव्हता. भातवाला तिला ओलांडून गेला होता. सर तिथं थांबले.

"इथं कोण होतं?" त्यांनी शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं.

"व्हतं कुनीतरी. हात धुवायला गेलं वाटतं. तुमी व्हा म्होरं."

"येऊ दे," सर म्हणाले.

माईकवरून त्यांचं नाव पुन्हा पुकारलं गेलं. मागच्या पंगतीतून कुणीतरी वरणासाठी हाक मारली. सरांनी भातवाल्याला परत बोलावून त्या पत्रावळीवर भात घालून घेतला, वरणाचं पळं भरून बादलीवर धरलं, आणि मांडवाच्या दाराकडं बघत ते त्या रिकाम्या पानाशी उभे राहिले.